चंद्रावरची राखण

मोबाईलमधून कुणीतरी खरखरीत आवाजात "कोन हाय?" म्हणालं, आणि अनसाबाईनं तव्यावरची भाकरी उलटता उलटता, मागं वळूनसुद्धा न बघता उत्तर देऊन टाकलं, "मी हाय की."

मग तिचा हात तिथंच थांबला. उंबऱ्यावर तिची सून पंकजा मोबाईल छातीशी धरून उभी होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि भाकरी करपली. त्या घरात "कोन हाय?" म्हणणारा माणूस एकच होता, अनसाबाईचा नवरा पुंजाराम, आणि त्याचा आवाज दोन वर्षांपूर्वी नगरच्या दवाखान्यात राहिला होता. घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. माणूस परत दिला, आवाज ठेवून घेतला, असं अनसाबाई म्हणायची.

"पुन्यांदा लाव," ती म्हणाली.

पंकजानं लावलं. आधी एक जाड आवाजाचा माणूस हिंदीतून दम दिल्यासारखं सांगत होता, की चंद्रावर उतरलेल्या अमेरिकेच्या माणसांना तिथं आधीच कुणीतरी असल्याचं दिसलं, त्यांनी ते रेडिओवरून खाली कळवलं, आणि सरकारनं ती टेप पन्नास वर्षं दाबून ठेवली. मग करड्या रंगाचं चित्र आलं. खडक, खड्डे, आणि एका खड्ड्याच्या काठावर पिवळट उजेडाचा ठिपका. मग खरखर. आणि त्या खरखरीतून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज:

"न्हाय? मं कोन हाय?"

"मामांचाच हाय का न्हाई?" पंकजाचे डोळे भरून आले होते. "आत्याबाई, मामा चंद्रावर कवा गेल्ते?"

"गेल्ते आसतील," अनसाबाई म्हणाली. "मला सांगून कवा कुठं गेलेत?"

पारनेर तालुक्यातल्या खडकमाळमध्ये ओढ्याकाठी पुंजारामची कलिंगडाची वाडी असायची. तरुणपणी तो मचाणावर बसून तिची राखण करायचा. खांबाला कंदील टांगलेला, पायाशी ढेकळांचा ढीग. पाचोळा वाजला की ओरडायचा, "कोन हाय?" उत्तर आलं नाही की दुसऱ्यांदा, "न्हाई? मंग कोन हाय?" आणि तिसऱ्या वेळी ढेकूळ. त्याची भाकरी घेऊन जाणारी अनसाबाई बांधावर चढायच्या आधीच "मी हाय" म्हणून मोकळी व्हायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा म्हणायची राहिली होती. ते ढेकूळ खांद्याला बसलं होतं आणि त्यावरून ती अजून त्याला ऐकवत होती.

आवाज गेल्यावर माणसंही गेली. ऑपरेशन झालं तेव्हा पहिल्या पंधरवड्यात घरासमोरचा ओटा पुरत नव्हता. मग येणारे ओट्यावर न बसता खालूनच विचारू लागले, तेही अनसाबाईला, "बरं हाय ना आता बापूंचं?" बापू तिथंच खाटेवर, घशाच्या भोकावर पांढरं फडकं बांधून बसलेला. मग विचारणारेही थांबले. त्यांची चूक तरी काय? गप्पा म्हणजे देवाणघेवाण. आपण एक द्यावी, समोरच्यानं एक द्यावी. समोरून काहीच येत नाही म्हटल्यावर माणूस दुकान बदलतो. गावानं दुकान बदललं आणि समोरच्या आळीतल्या भिमाजीच्या ओट्यावर जाऊन बसलं. कोण कधी आलं, किती वेळ टेकलं, चहा घेऊन उठलं की चहाच्या आधी, हे सगळं अनसाबाईच्या डोक्यात जमा-खर्चासारखं मांडलेलं असायचं. गेल्या वर्षभरात जमेच्या बाजूला एक कुत्रं होतं, आणि तेही भाकरीसाठी यायचं.

तिनं मोबाईल ओट्यावर नेला आणि पुंजारामच्या कानाशी धरला.

त्यानं ऐकलं. कपाळाला आठी घातली. परत लावायची खूण केली, परत ऐकलं. मग उजवा पंजा डाव्या-उजव्या बाजूला हलवला. म्हणजे नाही. मी नाही.

"लाव गं परत," अनसाबाई सुनेला म्हणाली, आणि या वेळी तिनं स्वतः नीट कान दिला. आणि तिलाही ऐकू आलं. 'मं.' तिचा नवरा उभ्या जन्मात 'मं' म्हणाला नव्हता. तो 'मंग' म्हणायचा, शेवटच्या 'ग'वर पाय रोवून, गाडी उतारावर थांबवताना चाकाखाली दगड लावावा तसा. मोबाईलमधला हा 'मं' नुसताच लोंबत होता. हा पुंजाराम नव्हता. कुणीतरी दुसराच होता, आणि घाईत होता.

ती काही बोलायच्या आत, तीच क्लिप आपल्या मोबाईलवर ऐकलेला सरपंच अमृत धापा टाकत ओट्याची पायरी चढला. अमृत साठीचा, अंगानं भरलेला, पांढऱ्या धोतर-सदऱ्यातला. वर्षभरात या ओट्याला त्याचा पाय लागला नव्हता.

"बापू!" त्यानं पुंजारामचे दोन्ही हात धरले. "आरं, तुमी चंद्रावर! न आमाला पत्ता न्हाई!"

पुंजारामनं पंजा हलवला.

"काय म्हनत्यात?" अमृतनं अनसाबाईला विचारलं. पुंजारामच्या खुणा कळणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

अनसाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. मग अमृत कुठं बसलाय ते बघितलं. तो खाटेवर बसला होता, नवऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"म्हनत्यात, त्यात येवढं काय," ती म्हणाली. "पंकजे, च्या टाक."

त्या दिवसापासून ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. माणसं नुसती येत नव्हती, पुंजारामशी बोलत होती. तो पंजा हलवायचा आणि अनसाबाई सांगायची, "म्हनत्यात, लई जुनी गोष्ट झाली." तो जोरात हलवायचा. "म्हनत्यात, अमेरिकेचं नाव कशाला खराब करायचं." तो दोन्ही पंजे हलवायचा, घशातून शिट्टी वाजेपर्यंत. "आता दमलेत. उद्या या."

पुंजाराम बायकोकडं रागानं बघायचा. पण माणसं उठून गेल्यावर तो रिकाम्या ओट्याकडंही बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अनसाबाईला दिसायचं, की म्हाताऱ्यानं स्वतःहून दाढी करून घेतलीय.

गावानं बाकीचा तपास आपणच लावला. चंद्रावर आवाज कसा गेला, हा प्रश्न अमृतनं पहिल्याच दिवशी निकालात काढला. "बापूचा आवाज सुप्यापतूर जायचा. चंद्र म्हंजे सुप्याच्या जरासं वर." उजेडाचा ठिपका काय असावा, यात तर काही शंकाच नव्हती, तो कंदील होता. आणि अमेरिकेनं हे का लपवलं तेही सरळ होतं.

"चोरीच केली ना त्यांनी," अमृत ओट्यावर मांडी ठोकून सांगायचा. "रानात शिरले. कुनाला इच्यारलं? दगडं उचलली, पिशवीत भरली. तवर बापू वराडला, कोन हाय? पळाले. लाज वाटंल का न्हाई सांगायला? येवढा मोठा देश!"

"आन पन्नास वर्सं परत पाय ठिवला का कुनी?" मागून कुणीतरी म्हणायचं.

"न्हाई ठिवला. आता म्हनं परत जायचं हाय. पन पैल्यांदा नुसती चक्कर मारून यायचं, उतरायचं न्हाई. का? आधी बघून घ्यायचं, राखन हाय का गेला म्हातारा!"

यावर सगळे पुंजारामकडं बघून हसायचे, आणि पुंजारामचे खांदे हलायचे. अनसाबाई ते हलणं जमेच्या बाजूला लिहून ठेवायची.

गंमत पुढंच होती. हा आवाज पुंजारामचाच, असं छातीठोक कोण सांगू शकणार? ज्यानं तो वाडीत ऐकला तोच. आणि वाडीत कोण ऐकणार? कलिंगड चोरायला गेलेला. म्हणजे साक्षीदार व्हायचं तर आधी चोर असावं लागत होतं. अमृतनं लगेच आपली लहानपणची चोरी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी आणखी चौघांनी केली. आठवड्याभरात गावात साठीच्या पुढचा एकही पुरुष सज्जन उरला नाही. ज्यांनी आयुष्यात वांगंसुद्धा विचारल्याशिवाय तोडलं नव्हतं, तेही मिशीवर हात फिरवून म्हणू लागले, "आमी बी गेल्तो की." देवळातले भजनीबुवा म्हणाले, की त्यांनी एका अमावास्येला सात कलिंगडं नेली. अनसाबाईनं मनातल्या मनात बेरीज केली. लोक सांगत होते तेवढी कलिंगडं त्या वाडीत लागली असती, तर पुंजारामनं अख्खा तालुका विकत घेतला असता. पण तिनं खोट्या चोरांनासुद्धा चहा दिला.

हिशेब असा असतो, की एका ओट्यावर माणसं वाढली तर दुसऱ्यावरची कमी होतात. भिमाजीचा ओटा ओस पडला. भिमाजीचा बाप गेनूबा पुंजारामच्या शेजारच्या वाडीची राखण करायचा, आणि त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती. चार दिवस भिमाजी एकटाच बसून राहिला आणि पाचव्या दिवशी त्याला साक्षात्कार झाला. तो भर चौकात म्हणाला, "त्यो आवाज आमच्या बाचा हाय. आन त्यो उजेड कंदिलाचा न्हाई, बॅटरीचा हाय. बॅटरी आमच्या बाकडं हुती. पुंजाकडं कुठली बॅटरी?"

आता इथून गोष्ट चिघळली. कारण अमृतनं तोवर ठरवलं होतं, की गावाच्या फाट्यावर, एसटी थांबते तिथं, मोठी पाटी लावायची आणि त्यावर चंद्रावर आवाज पोचवणाऱ्या माणसाचं नाव घालायचं.

याच दिवसांत एका दुपारी रॉबिन सर ओट्यावर आले. ते हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे, राहायचे भिंगारला, मोटरसायकलनं जाऊन-येऊन करायचे. सरळ माणूस, रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचे आणि सोमवारी मुलांना स्पेलिंगवरून मारायचे नाहीत. पंकजानं त्यांना कौतुकानं क्लिप ऐकवली. सरांनी एकदा ऐकली आणि चष्मा पुसला.

"पंकजाताई, हे इंग्रजी आहे. नाऊ आयम गोइंग हाय. म्हणजे, आता मी वर चाललोय. नाऊ आयम, ते तुम्हाला न्हाय मं ऐकू येतंय. गोइंग हाय म्हणजे कोन हाय. आणि हे चंद्रावरचं आहे की कुठल्या विमानवाल्याचं, तेही कुणास ठाऊक. आता ऐका बरं."

पंकजानं ऐकलं. तिचा चेहरा उतरत गेला. परत ऐकलं. "आत्याबाई," ती रडवेली होऊन म्हणाली, "मामा गेले! आता नुसतं इंग्रजीच यायलंय. कितीबी ऐकलं तरी."

अनसाबाईनं झटकन पदराचे बोळे करून दोन्ही कानांत घातले. "सर, तुमी च्या घ्या न गप बसा," ती ओरडली. कानांत बोळे असल्यामुळं जरा जास्तच मोठ्यानं. "मला काय बी समजून सांगू नगा. मला इंग्रजी येत न्हाई त्येच बरं हाय."

"काकू, पण ते खरं नाही."

बोळ्यांतूनही तिला ते ऐकू आलं. तिनं पदर काढला आणि आवाज खाली आणला. "मला ठावं हाय ते. माझा नवरा हाय त्यो, मला कळत न्हाई व्हय? पन सर, ह्या वट्याकडं बगा. तुमी बी वरीसभर ह्या रस्त्यानं जात हुता. कवा थांबला? आज थांबलात ना?"

रॉबिन सर खरंच थांबले नव्हते. त्यांनी पुंजारामकडं बघितलं. पुंजारामनं त्यांना बसायला सरकून जागा करून दिली.

"मी आपणहून कुणाला सांगणार नाही," शेवटी सर म्हणाले. "पण चारचौघांत कुणी विचारलं, तर मला खोटं बोलता येणार नाही, काकू."

"मंग चारचौघांत येऊ नगा," अनसाबाई म्हणाली.

पण भिमाजीनं त्यांना आणलं. शनिवारी शाळा सुटल्यावर ओढ्याकाठच्या माळावर, पूर्वी वाडी होती तिथंच, आवाजाचा निकाल लावायचं ठरलं. अमृत पंच. कादरभाईनं आपला मंडप-स्पीकरचा टेम्पो आणून उभा केला होता. तालुक्यात लग्नं वाजवणारे ते दोन कपाटाएवढे स्पीकर माळाकडं तोंड करून उभे, आणि कादरभाई स्वतः टेम्पोखाली पाय बाहेर काढून कुठलीतरी ढिली वायर शोधत होता. सगळे चोर, खरे आणि खोटे, पुढच्या रांगेत बसले होते. पुंजारामला खुर्ची दिली होती. अनसाबाई त्याच्याशेजारी जमिनीवर.

भिमाजी उभा राहिला. त्यानं आधी बॅटरीचं सांगितलं. मग छाती भरून घेतली आणि आपल्या बापाच्या आवाजात ओरडला, "कोन हाय?"

आवाज वाईट नव्हता. मागच्या बाजूला दोन-तीन माना डोलल्या. अनसाबाईनं कुणाच्या, ते बघून ठेवलं.

"आता पुंजाबापूला इच्यारा," भिमाजी म्हणाला. "सरळ इच्यारा. मधी अनसावहिनी नगं."

अमृतनं विचारलं, "बापू, त्यो आवाज तुमचा हाय का?"

पुंजारामनं पंजा हलवला. डावीकडं, उजवीकडं.

"म्हनत्यात—" अनसाबाईनं सुरुवात केली.

"थांबा!" भिमाजी पुढं आला. त्यानं स्वतःचा पंजा सगळ्यांपुढं तसाच हलवून दाखवला. "ह्याला काय दुभाषी लागतोय व्हय? एसटीचा कंडक्टर जागा न्हाई म्हनताना असाच हात हालवतो. दूधवाला दूध न्हाई म्हनताना असाच हालवतो. पुंजा सोता सांगतोय, न्हाई म्हनून! आठ दिस त्यो न्हाई म्हनतोय आन ही बाई तुमाला च्या पाजून भलतंच सांगती!"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी आपण प्यालेल्या चहाकडं नव्यानं बघितल्यासारखं खाली बघितलं. अनसाबाईला ते दिसलं. ही माणसं उद्या येणार नाहीत, हे तिनं त्यांच्या मानेवरूनच ओळखलं. रिकामा ओटा तिच्या डोळ्यांपुढं आला, आणि सकाळी दाढी करून बसलेला म्हातारा.

"आन अजून घ्या," भिमाजी म्हणाला. "रॉबिन सर, तुमी शिकलेले. तुमचा ना आमच्याकडं वशिला ना त्यांच्याकडं. तुमीच सांगा, ह्यो आवाज पुंजाचा हाय का?"

रॉबिन सर उठले. त्यांनी अनसाबाईकडं बघितलं. तिनं मान हलवली नाही, डोळेही वटारले नाहीत. नुसता पदर हातात धरून बसली होती, कानांत घालावा की नाही अशा बेतात.

"आता प्रामाणिकपणे सांगायचं तर," सर म्हणाले, "हा आवाज—"

त्याच क्षणी टेम्पोखाली कादरभाईला वायर सापडली.

"न्हाय? मं कोन हाय?"

असा आवाज त्या माळानं पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. ओढ्यापलीकडच्या बाभळींतून बगळे उडाले. आणि पुढची अर्धी रांग उठून पळाली.

विचार करून कुणी पळालं नाही. डोक्याला बातमी पोचायच्या आत पाय निघाले होते. सरपंच अमृत धोतराचा सोगा दातांत धरून बांधावरून असा उडाला, की निवडणुकीतसुद्धा तेवढा उडाला नसेल. गावातला एक निवृत्त कंडक्टर पोटावर हात धरून, म्हणजे पोटाशी कलिंगड असल्यासारखा, वाकून धावत होता. कुणी ओढ्यात उतरला, कुणी बाभळीमागं गेला. भिमाजी बांधाकडच्या घायपातांच्या रांगेत पालथा पडला आणि त्यानं डोक्यावर दोन्ही हात घेतले.

रांगेतले बाकीचे अर्धे मात्र जागच्या जागी बसून राहिले, आणि तिथंच त्यांची अब्रू गेली. भजनीबुवा मांडी घालून शांत बसले होते. ज्या माणसानं सात कलिंगडं नेली तो हा आवाज ऐकून असा बसेल? बुवांनी आजूबाजूला बघितलं, आपण सज्जन असल्याचं उघडं पडतंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग ते उठून दहा पावलं पळाले. पण उशीर झाला होता. सगळ्यांनी बघितलं होतं.

अनसाबाई हलली नव्हती. आवाज विरायच्या आत तिच्या तोंडून, कुणी न विचारता, नेहमीच्या सुरात निघून गेलं होतं, "मी हाय."

तिनं वर बघितलं तर पुंजाराम खुर्चीतून उठला होता. तो मांडीवर थापा मारत होता, घशाच्या फडक्यातून शिट्ट्या वाजत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. मग तो वाकला, पायाशी चाचपडला, एक ढेकूळ उचललं आणि घायपातांच्या दिशेनं भिरकावलं. ते भिमाजीच्या पाठीवर फुटलं.

"आई गं! बापू, मारू नगं! येकच नेलं रं!" घायपातातून भिमाजी ओरडला.

सगळ्या माळानं ते ऐकलं. भिमाजी हळूहळू उठला, पाठ झाडत.

बांधापलीकडून अमृत परतला, धोतर सावरत, पण पंचाचा चेहरा करून. "भिमाजी," तो म्हणाला, "आवाज तुज्या बाचा ना? मंग सोताच्या बाला भिऊन घायपातात कशाला गेलास रं?"

भिमाजीला स्वतःलाच हसू आलं. "बा कवा ढेकूळ मारत नव्हता," तो म्हणाला. "बा शिव्या द्यायचा."

"रॉबिन सर कुठं हायेत?" अमृतला आठवलं. "सर काय तरी सांगत हुते."

सर ओढ्याच्या काठावर सापडले. एक चप्पल पायात, दुसरी कुठं तरी मागं. ते लाजून पँटवरचा चिखल बघत होते.

"सर, तुमी कशाला पळालात? तुमी तर भिंगारचे."

"लहानपणी आमच्याकडं लष्करी कॅम्पातल्या बंगल्यांत पेरूची झाडं होती," रॉबिन सर म्हणाले. "तिथला राखणदारही असाच..." त्यांनी वाक्य सोडून दिलं, आणि अनसाबाईकडं बघत म्हणाले, "काकू, खरं सांगू का? कानांनी मी इंग्रजी ऐकलं. पण पायांनी मराठीच ऐकलं."

"लिवून घ्या निकाल," अमृत म्हणाला. लिहून घ्यायला कुणी नव्हतं, पण निकाल लागला होता.

पाटीवरून मग पंधरा दिवस वाद चालला. शाळेच्या हेडमास्तरांचं म्हणणं होतं की 'कोण आहे?' असं शुद्ध लिहावं. अमृतनं ते उडवून लावलं. कुणाच्या आवाजाचं शुद्धलेखन करायचं नसतं, असं तो म्हणाला, आणि अमृतच्या तोंडून निघालेली तेवढीच गोष्ट अनसाबाईला कधी पटली असेल. मग पेंटरनं सांगितलं, की वर स्वागत, खाली ग्रामपंचायत, मध्ये पुंजाबापूंचं नाव, एवढं घातलं तर 'न्हाय? मं कोन हाय?' सगळं बसणार नाही. काय काढू?

"म्होरलं काढा," अनसाबाई लगेच म्हणाली. "न्हाय आन मं, दोन्ही काढा. नुसतं कोन हाय ठिवा."

पेंटरनं काढलं. आणि अनसाबाईच्या डोक्यातला हिशेब, जो महिनाभर कुठं तरी अडकत होता, तो त्या दिवशी जुळला. जेवढं त्याचं नव्हतं तेवढं गेलं. उरलं ते त्याचंच होतं.

पाटी उभी राहिली त्या दिवशी पुंजारामनं ती बराच वेळ वाचली. अक्षरं त्याला सावकाश लागायची. मग त्यानं बायकोकडं बघितलं. पंजा हलवला नाही.

आता तो संध्याकाळी फाट्यावर, पाटीखालच्या सिमेंटच्या बाकावर बसतो. त्याच्याशेजारी भिमाजी असतो, अमृत असतो, शाळा सुटल्यावर घटकाभर मोटरसायकल उभी करून रॉबिन सरही असतात. एसटी थांबते, माणसं उतरतात, आणि पुंजाराम एक बोट वर पाटीकडं करतो. तिथं हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, 'कोन हाय?' उतरणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. गावचा असेल तर नाव सांगतो. पाहुणा असेल तर कुणाकडं आलाय, किती दिवसांसाठी आलाय, सगळं सांगून मगच गावात शिरतो. उत्तर न देता जाणारा एकच निघाला, एक विमा एजंट. पुंजारामनं बाकाखालून ढेकूळ काढलं. तो ढीग तिथं कुणी करून ठेवला, हे अनसाबाईला ठाऊक आहे, पण ती भिमाजीचं नाव सांगत नाही.

परवा ती पारनेरच्या बाजारातून आली. गाडी गेली, धूळ बसली. समोर बाकावर सगळे ओळीनं, आणि मध्ये तिचा नवरा, ताजी दाढी केलेला, फडकं धुतलेलं. त्यानं तिच्याकडं बघून बोट वर केलं.

अनसाबाईनं पाटी वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

"मी हाय," ती म्हणाली. "ही पिशवी धरा."